ज्येष्ठ निवासात नवीन आलात? पहिले तीन महिने असे काढा

सामान लागलं, पडदे अडकवून झाले, औषधांचा डबा हाताशी आला, पोहोचवायला आलेली मंडळी निघून गेली. संध्याकाळचे पाच वाजलेत आणि आता करायचं काय, हे कुणीच सांगितलेलं नाही. हा लेख त्या पाच वाजल्यापासून पुढचा आहे.

मी अशा निवासात सात वर्षं राहतोय, त्यातली पाच कार्यक्रम समितीवर. पण पहिले अडीच महिने मी खोलीत बसून घालवले. त्यामुळे नवीन माणूस कुठे अडकतो, ते मला समितीतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नवीन माणूस फळ्यावरचे कार्यक्रम मोजतो आणि जितके जास्त तितकं चांगलं असं धरून चालतो. मीही तेच केलं होतं. गाण्याच्या मैफलीला शंभर माणसांत दीड तास बसून मी खोलीत परतायचो, तेव्हा मला एकाही माणसाचं नाव कळलेलं नसायचं. ओळख होते ती एकाच वेळेला, एकाच जागी, तोच चेहरा रोज दिसल्याने. आणि आपल्या हातात एखादं काम असलं की ती लवकर होते. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

पहिला आठवडा: नुसते दिसत राहा

दिवसातून दोन तास खोलीचं दार उघडं ठेवा. खुर्ची अशी मांडा की जाणाऱ्या-येणाऱ्याला तुम्ही दिसाल, पण पलंग दिसणार नाही. पलंग दिसला की लोकांना वाटतं माणूस आराम करतोय, मग ते पाय न वाजवता पुढे निघून जातात.

उरलेल्या वेळात अशी एक जागा हेरा, जिथून सगळ्यांना जावंच लागतं. लिफ्टसमोरचा बाक, औषधांची खिडकी, वर्तमानपत्रं ठेवतात ते टेबल. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं होती. तिथे कोणाची कोणाशी मैत्री होते, याचा अभ्यास लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. आवडीनिवडींपेक्षा दारातलं अंतर जास्त बोलत होतं. ज्यांची दारं जिन्याच्या पायथ्याशी होती, त्यांची वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त ओळख होती, कारण वरचे लोक रोज त्यांच्या दारावरूनच जायचे. आपली खोली कुठे असावी हे आपल्या हातात नसतं. बाक कुठला धरायचा, हे असतं.

एक छोटी वही खिशात ठेवा. खोली क्रमांक, नाव आणि एक खूण एवढंच लिहा: ‘२१४, उंच, पूर्वी रेल्वेत, गुडघा.’ नाव विसरलात तर सरळ पुन्हा विचारा. इथे सगळेच नावं विसरतात, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. उलट ओळखीचा आव आणून तीन महिने ‘काय म्हणता?’ वर निभावणं फार अवघड जातं, मी करून पाहिलंय.

आणि घाई करू नका. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला होता: नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, चांगल्या मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २०० पेक्षा जास्त. त्यांनी पाहिलेली माणसं आपल्या वयाची नव्हती. नव्या गावी राहायला गेलेले प्रौढ होते आणि कॉलेजात नुकती आलेली मुलं होती. तरी अंदाज घ्यायला आकडा बरा आहे. रोज अर्धा तास कुणाबरोबर बसलात, तर ५० तास भरायला १०० दिवस लागतात. तीन महिन्यांनीही ‘इथे माझं कुणी नाही’ असं वाटलं तर तास अजून भरलेले नाहीत, एवढंच समजा.

जेवणाचं टेबल

निवासातला सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम फळ्यावर लिहिलेला नसतो. तो दिवसातून दोन-तीनदा जेवणघरात होतो.

पहिल्या रात्री मी एक रिकामी खुर्ची पाहून बसलो. भिंतीकडची, कोपऱ्यातली, मला बरी वाटली. पाच मिनिटांनी एक बाई आल्या आणि माझ्या मागे काठी टेकवून उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. टेबलावरचे तिघंही आपापल्या ताटात बघू लागले. शेवटी वाढणाऱ्या मावशींनी माझं ताट उचललं आणि म्हणाल्या, ‘काका, तुम्ही इकडे या.’ मी त्या रात्री ठरवून टाकलं की इथली माणसं खुर्चीवर मालकी सांगणारी आहेत. पुढचे काही आठवडे मी जेवण खोलीत मागवलं.

दोन महिन्यांनी कळलं, त्या बाईंना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. भिंतीकडच्या त्या खुर्चीत बसलं की उजवीकडे भिंत येते आणि सगळं टेबल डाव्या कानाकडे येतं. दुसऱ्या कुठल्याही खुर्चीवर त्या जेवणभर मान वळवून दमतात.

तेव्हा पहिल्या दिवशी दारात थांबा आणि विचारा, ‘कुठली जागा रिकामी असते?’ ‘रिकामी आहे’ आणि ‘रिकामी असते’ यांत फार फरक आहे. जागा मिळाली की निदान दोन आठवडे तीच ठेवा. टेबल खरंच जमत नसेल तर बदला, पण गाजावाजा न करता. व्यवस्थापकांना सांगा, ‘मला खिडकीजवळ बरं वाटेल.’ ज्यांना सोडून तुम्ही उठणार, ते रोज लिफ्टमध्ये भेटणार आहेत.

जेवण खोलीत मागवायची सोय असेल तर ती आजारपणापुरती राखून ठेवा.

फळा कसा वाचायचा

फळ्यावर आठवड्याचे वीस-पंचवीस कार्यक्रम असतात. पहिल्या महिन्यात तीनच निवडा: एक शरीर हलवणारा, एक हाताने काही करायचा (शिवण, चित्रं, बागकाम, पत्ते, काहीही) आणि एक सहा-आठ माणसांचा. बघायचे कार्यक्रम, म्हणजे गाणी, सिनेमा, व्याख्यानं, हवे तेवढे बघा. फक्त ते या तिनांत मोजू नका.

प्रत्येक गोष्टीला तीनदा गेल्याशिवाय आवडली-नावडली ठरवू नका. पहिल्या खेपेला सगळे परके असतात. दुसऱ्या खेपेला निदान आपली जागा आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे माहीत असतं. तिसऱ्या खेपेला कुणीतरी विचारतं, ‘परवा दिसला नाहीत?’ त्या एका प्रश्नासाठी आधीच्या दोन खेपा घालायच्या.

वेळापत्रकात स्वतःचं शरीरही बघा. पाणी बाहेर टाकणारी गोळी सकाळी नऊला घेत असाल, तर दहाच्या तासाला अर्ध्यातून उठावं लागणार. दुपारी झोप लागते तेव्हा व्याख्यानाला बसून डुलक्या काढण्यात काही अर्थ नाही. गोळीची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा. कित्येकदा येते, आणि हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

हाउजीबद्दल एक शब्द. मला ती आवडत नाही, आकडे ऐकत बसण्यात मला काही रस वाटत नाही. पण आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी तिलाच होते आणि त्याचं कारण मला उशिरा कळलं: पुकारलेला आकडा फळ्यावर दिसतो, त्यामुळे ऐकू न येणारेही बरोबरीने खेळतात. तुमच्या आवडत्या कार्यक्रमात अशी सोय आहे का, ते बघा.

कान आणि उजेड

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कार्यक्रमाला येणं बंद करणाऱ्यांपैकी निम्मे तरी कानामुळे बंद करतात असा माझा अंदाज आहे, आणि कारण सांगताना ते ‘कंटाळा येतो’ असं सांगतात.

वयाने कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ अशी व्यंजनं त्या पट्टीत येतात. अ, आ, ओ असे स्वर मात्र खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘आवाज येतो पण कळत नाही.’ मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही, ओरडण्याने स्वरच मोठे होतात. समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललेलं कळतं. गटात भांड्यांचा, पंख्याचा, टीव्हीचा आवाज असला की चांगल्या श्रवणयंत्रालाही त्यातून बोलणं निवडता येत नाही.

म्हणून बसताना पाठ भिंतीला ठेवा, म्हणजे मागून आवाज येत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी जागा घ्या; खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. पंख्याखाली बसू नका. श्रवणयंत्र असेल तर सकाळी उठल्यापासून लावा. फक्त कार्यक्रमापुरतं लावलं तर मेंदूला त्याची सवय होत नाही आणि सगळाच गोंगाट वाटतो. आणि एखादा वक्ता ‘माझा आवाज खणखणीत आहे, माईक नको’ म्हणाला, तर निःसंकोच हात वर करून ‘घ्याच’ म्हणा. मागच्या दोन रांगा तुमचे उपकार मानतील.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर उपाय करता येतो अशा १४ गोष्टी मांडल्या. त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि एकटं पडणंही आहे. एकातून दुसरं कसं येतं, ते जेवणघरात रोज दिसतं.

डोळ्यांचं त्या मानाने सोपं आहे. मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात, ते मागवून घ्या. फळ्यावरची अक्षरं चार पावलांवरून वाचता येत नसतील तर तशी लेखी सूचना द्या. वाचायच्या टेबलावर वेगळा दिवा मागा.

एक काम धरा

हा या लेखातला मुख्य मुद्दा. एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांचा एक प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं गेलं, की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवा. आणि एक रोप निवडून घ्या, त्याची काळजी तुमची. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण ‘पाणी कर्मचारी घालतील, तुम्हाला आनंदात ठेवणं आमचं काम’ असं सांगून. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि हिंडती-फिरती दिसली. प्रयोग लहान होता, त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण निवासात राहिलेल्या कुणालाही तो खोटा वाटणार नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका शुश्रूषागृहात १९९१ च्या सुमारास बिल थॉमस हे तरुण डॉक्टर आले. तिथल्या माणसांना तीन दुखणी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं: एकटेपणा, असहायता आणि कंटाळा. त्यांनी तिथे दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणून सोडले. पिंजरे वेळेवर आले नव्हते, पक्षी आधी आले, नुसता गोंधळ उडाला होता म्हणतात. पण एकटेपणावर गप्पा चालतात, कंटाळ्यावर कार्यक्रम चालतो. असहायतेवर दोन्ही चालत नाहीत. तिथे कुणाला तरी आपली गरज लागावी लागते.

पक्षी आणायची गरज नाही. काम मागताना एवढंच करा: ‘मी काही मदत करू का?’ असं विचारू नका. त्याला ‘अहो, तुम्ही आता आराम करा’ हेच उत्तर येतं. कामाचं नाव आणि वेळ सांगा: ‘रोज साडेनऊला फळा मी लिहीन.’ रोपांना पाणी, परत आलेली पुस्तकं कपाटात लावणं, डोळ्यांनी अधू असलेल्यांना अर्धा तास वर्तमानपत्र वाचून दाखवणं, फिरायला निघताना तीन दारं वाजवणं, वाढदिवसांची यादी, पत्त्यांचे जोड मोजून ठेवणं. शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण जोडात ५१ पत्ते असले की तिसऱ्या डावाला केवढी भांडणं होतात, ते बघायला या.

काम इतकं लहान असू द्या, की तब्येत बरी नसलेल्या दिवशीही होईल. आणि एक जोडीदार ठरवून ठेवा. तुम्ही दवाखान्यात असाल त्या आठवड्यात झाडं वाळायला नकोत.

आमच्याकडे प्रवेशदारापाशी लाकडी पाटी आहे, तारीख-वाराच्या पट्ट्या सरकवायची. ती बदलायचं काम एका गृहस्थांकडे होतं. त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. समितीत कुणीतरी म्हणालं, तारीख ज्यांना आठवत नाही त्यांच्याकडेच हे काम कशाला? पण ते स्वतःच तोडगा काढून बसले होते. रोज सकाळी आठला निघायचे, वाटेत चार जणांना विचारायचे, ‘आज कितवी?’ चौघांचं उत्तर जुळलं की पट्टी सरकवायची. जुळलं नाही की तिथेच उभं राहून वाद. आठ ते साडेआठ प्रवेशदारापाशी गर्दी होऊ लागली. फळ्यावर कुठेही नसलेला तो आमचा सगळ्यात चांगला चालणारा कार्यक्रम होता.

व्यायामाचा तास

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी ६५ वर्षांपुढच्यांसाठी स्पष्ट आहेत: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, दोन किंवा अधिक दिवस स्नायूंचे व्यायाम आणि तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळायचे व्यायाम. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले सहा दिवस रोज २५ मिनिटं. एवढं जमत नसेल तर जमेल तेवढं करा, असंही त्यातच म्हटलंय. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाता येत नाही. बोलता येतं तर जोडीने चाला.

तासाला जायच्या आधी दोन गोष्टी शिकवणाऱ्याला सांगून ठेवा: गेल्या वर्षभरात पडला होता का, आणि रक्तदाबाची गोळी घेता का. लाज वाटून लोक पडल्याचं लपवतात. बराच वेळ बसून उठताना आधी पावलं वर-खाली दहा-बारा वेळा हलवा, मग उठा, क्षणभर खुर्ची धरून उभे राहा आणि मगच चाला. चपला मागून बंद असलेल्या घाला. उभं राहून जमत नसेल तर खुर्चीवरचा व्यायाम करा, त्यात कमीपणा नाही. तोलासाठी ‘ताई ची’ हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम चांगला. शिकवणारं कुणी असेल तर सोडू नका.

स्वतः काही सुरू करायचं असेल

दोन-तीन महिन्यांनी हे मनात येतंच. मी पहिल्यांदा ‘चर्चा मंडळ’ काढलं. विषय मोठे, वेळ दोन तास, खुर्च्या रांगेत. दुसऱ्या आठवड्यात राजकारणावरून दोघांचं वाजलं, तिसऱ्या आठवड्यात मी आणि माईक लावणारा मुलगा असे दोघंच उरलो. त्यातून शिकलो ते सांगतो.

आधी एक जोडीदार मिळवा, मगच जाहीर करा. वेळ ४५ मिनिटं, एक मिनिटही जास्त नको. ठरल्या वेळी संपतं हे कळलं की लोक पुढच्या वेळी येतात. खुर्च्या गोल मांडा, सहा-सातच मांडा, आणखी कुणी आलं तर ओढून घेता येतात. भरलेल्या सहा खुर्च्या आणि वीसांपैकी सहा भरलेल्या खुर्च्या या दोन वेगळ्या सभा असतात. स्वच्छतागृह जवळ असलेली खोली घ्या. ‘चार आठवडे करून बघू’ असं सांगा, म्हणजे बंद पडलं तरी कुणाला ओझं वाटत नाही.

कुठल्याही निवासात चालणारा गट म्हणजे आठवणींचा. म्हातारी माणसं जुनं जुनं उगाळतात, याला पूर्वी दोषच मानलं जायचं. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये मांडलं, की आयुष्य मागे वळून पाहणं हे या वयातलं स्वाभाविक आणि गरजेचं काम आहे. पण गट चालवताना ‘तुमचं बालपण कसं होतं?’ असं विचारू नका, त्याला ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर येतं. ‘पहिल्या पगाराचं काय केलंत?’ असं विचारा. किंवा प्रत्येकाला एक वस्तू आणायला सांगा. आमच्यात एकदा एका बाईंनी एक किल्ली आणली. घर विकून कित्येक वर्षं झाली होती, कुलूपही उरलं नव्हतं. नव्या मालकाला दोन किल्ल्या दिल्या आणि तिसरी द्यायची राहिली की ठेवली, हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नव्हतं. त्या दिवशी ४५ मिनिटं एका किल्लीवर गेली.

दोन नियम ठेवा. कुणीही ‘आज मी फक्त ऐकतो’ म्हणू शकतो. आणि एका माणसाला पाच मिनिटं; टेबलावर वाळूचं घड्याळ ठेवा, म्हणजे थांबवण्याचा वाईटपणा घड्याळाकडे जातो. कुणी रडलं तर लगेच पाणी घेऊन धावू नका, जरा थांबा.

खटके, तक्रारी, आणि नाही म्हणणं

पंखा किती, टीव्हीवर काय, पहिलं वर्तमानपत्र कुणाचं. नव्वद टक्के भांडणं याच तीन गोष्टींवर. त्यातली बरीचशी रहिवाशांच्या बैठकीत मिटतात, तेव्हा बैठकीला जा. तक्रार तारखेसह एका वाक्यात लिहा, त्याखाली काय हवं ते एका वाक्यात. ‘टीव्हीच्या आवाजाचा त्रास होतो’ यावर तासभर चर्चा होईल. ‘रात्री नऊनंतर आवाज कमी ठेवावा’ यावर हात वर करता येतात.

पैसे उसने देऊ-घेऊ नका. एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगू नका. इथल्या भिंतींना कान नसतील, जेवणघराला नक्की आहेत.

आणि सगळ्याला हो म्हणायची गरज नाही. एकटं बसायला आवडणारी माणसंही असतात, त्यांना ओढून नाचायला नेणारे उत्साही लोक मला सोसत नाहीत. फक्त फरक ओळखा. आवडीने एकटा बसलेला माणूस जेवायला येतो, पुस्तक बदलतो. दोन आठवडे जेवणावर वासना नाही, झोप उडालीय, आवडतं कामही नकोसं झालंय, असं असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं. ‘वयाचंच आहे’ म्हणून सोडायचं नाही, त्यावर उपचार आहेत. शेजाऱ्याबाबत लक्षात आलं तर तुम्ही सांगा.

१ ऑक्टोबर या आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ दिनाचंही इथेच सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९० मध्ये ठरवला आणि १९९१ पासून पाळला जातो. त्या दिवशी बाहेरचे पाहुणे येतात, आपल्याला रांगेत बसवतात आणि आपल्यावर भाषणं करतात. समितीवर गेलात तर त्या दिवशीचा मंच मागून घ्या. आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतला, पाहुण्यांना रांगेत बसवलं.

घरचे आणि बाहेरचे

मुलांना सांगा, साडेपाचला फोन करू नका, माझा गट असतो. पहिल्यांदा हे वाक्य बोललात की फोनवर जरा शांतता पसरेल, पण तिकडे काळजी निम्म्याने कमी होईल. भेटायला येतील तेव्हा खोलीत समोरासमोर बसून राहू नका, तुमच्या कामावर घेऊन जा. नातवाला झारी द्या.

बाहेरची तरुण मुलं निवासात येत असतील तर उत्तम. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावच्या ह्युमॅनिटास या निवासात विद्यार्थ्यांना खोली मोफत मिळते. त्याबदल्यात त्यांनी महिन्याला ३० तास रहिवाशांचे चांगले शेजारी म्हणून द्यायचे. कार्यक्रम करून दाखवायचे नाहीत, शेजारी व्हायचं. आपल्याकडे येणाऱ्या मुलांनाही नाच-गाणं बसवून आणायला सांगण्यापेक्षा मोबाइलमधली अक्षरं मोठी करून द्यायला सांगा आणि त्याबदल्यात त्यांना काहीतरी शिकवा.

माणूस जातो तेव्हा

हे लिहायचं टाळता येत नाही. इथे माणसं जातात. आल्या-आल्याच चौकशी करून ठेवा, की निवासात ही बातमी कशी कळवतात. काही ठिकाणी काहीच सांगत नाहीत, खोलीचं दार बंद होतं आणि आठवड्याने तिथे नवी पाटी लागते. ती पद्धत असेल तर बैठकीत बदलून घ्या. फळ्याच्या कोपऱ्यात नाव आणि तारीख, गटाच्या सुरुवातीला एक मिनिट, घरच्यांना चार ओळींचं पत्र. पत्रात त्या माणसाची इथली एखादी गोष्ट लिहा. ती घरच्यांना माहीत नसते.

तारखेची पाटी बदलणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी गेले, १७ तारखेला. पाटी दोन दिवस तशीच होती. सगळे तिच्यावरून जात होते, बघत होते, हात कुणी लावला नाही. १९ ला संध्याकाळी किल्लीवाल्या बाई आल्या आणि बाकावरच्या चौघांना विचारलं, ‘आज कितवी?’ आम्ही एकोणीस म्हणालो. त्यांनी पट्टी सरकवली. तेव्हापासून ते काम त्यांच्याकडे आहे, आणि तारीख त्यांना चांगली आठवते, तरी विचारतात.

तीन महिने संपले की तुमच्या मजल्यावर कुणीतरी तुमच्यापेक्षा नवीन आलेलं असेल. पहिल्या रात्री जेवायच्या दहा मिनिटं आधी त्यांचं दार वाजवा, बरोबर न्या आणि टेबलाशी बसवा. भिंतीकडची खुर्ची सोडून.